वाचक विचारतात : सेलेनियम नेमके कोणाच्या बाजूचे?

सेलेनियम, त्याची प्रथिने आणि कर्करोगाचा फैलाव या विषयावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : आईची स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन चार महिने झाले. सेलेनियमची २०० मायक्रोग्रॅमची गोळी रोज दिली तर आजार उलटत नाही, असे नातेवाईक सांगतात. दुसरीकडे मी वाचले की सेलेनियमयुक्त प्रथिने कर्करोग पसरायला मदत करतात. खरे काय मानायचे?

गोळी आपल्या मनाने सुरू करू नका, हे आधी सांगतो. कारण नंतर.

सेलेनियमची कीर्ती १९९६ सालच्या एका चाचणीमुळे झाली. त्वचेचा कर्करोग होऊन गेलेल्या १,३१२ जणांमध्ये काहींना रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम दिले, काहींना सेलेनियम नसलेली गोळी. ज्यासाठी चाचणी केली तो त्वचेचा कर्करोग काही कमी झाला नाही. प्रोस्टेट, फुप्फुस आणि मोठ्या आतड्याचे कर्करोग मात्र कमी दिसले आणि बातमी तेवढीच पसरली. ते पडताळण्यासाठी २००१ साली ‘सिलेक्ट’ ही चाचणी सुरू झाली. तिच्यात ३५,५३३ पुरुष होते. २००८ साली गोळ्या थांबवल्या, कारण फायदा दिसत नव्हता. २०१४ सालच्या विश्लेषणात आणखी एक गोष्ट पुढे आली. ज्यांच्या शरीरात सेलेनियम आधीच भरपूर होते आणि ज्यांना वर गोळीही मिळाली, त्यांच्यात आक्रमक प्रकारच्या प्रोस्टेट कर्करोगाचा धोका ९१ टक्क्यांनी वाढला होता.

तुमच्या प्रश्नाला जास्त जवळचा अभ्यास २०१५ सालचा आहे. प्रोस्टेटचा कर्करोग झालेल्या, पण तो पसरलेला नसलेल्या ४,४५९ पुरुषांची माहिती त्यात तपासली. निदानानंतर रोज १४० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त सेलेनियम गोळीतून घेणाऱ्यांत त्याच कर्करोगाने मरण्याचा धोका, गोळी न घेणाऱ्यांच्या सुमारे अडीचपट होता. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. पण ‘घेतली तर नुकसान काय?’ या प्रश्नाला आता तितके सरळ उत्तर उरलेले नाही. फुप्फुसाच्या पहिल्या टप्प्यातल्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्यांनाही २०० मायक्रोग्रॅम देऊन पाहिले गेले. दुसरी गाठ टळली नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. स्तनाच्या कर्करोगात निदानाच्या वेळी रक्तातले सेलेनियम फारच कमी असेल, तर पुढची वाटचाल जास्त वाईट होते असे दिसलेले आहे. म्हणजे खरी कमतरता असेल तर ती भरून काढण्यात अर्थ आहे, पण ती रक्त तपासून आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. प्रौढ माणसाची रोजची गरज साधारण ५५ ते ७० मायक्रोग्रॅम असते आणि ती बहुतेकांची आहारातूनच भागते. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ साली आहार आणि गोळ्या मिळून वरची मर्यादा २५५ मायक्रोग्रॅमवर आणली. आहारातून ८० मिळत असतील आणि वर २०० ची गोळी घेतली, तर ती ओलांडली जाते.

प्रश्न : मी जैवरसायनशास्त्राची विद्यार्थिनी आहे. आरएनएवरचा यूजीए हा प्रथिन तिथेच संपवणारा ‘थांबा’ संकेत असतो असे शिकलो. मग तिथेच सेलेनोसिस्टीन, म्हणजे सेलेनियम असलेले अमिनो आम्ल, कसे बसते? आणि एवढा खटाटोप कशासाठी?

संदेशवाहक आरएनएच्या शेपटीत, म्हणजे प्रथिनाचा मजकूर संपल्यावर येणाऱ्या भागात, केसातल्या पिनेसारखी एक घडी असते. तिला सेसिस म्हणतात. एसबीपी-२ हे प्रथिन त्या घडीला धरते आणि सेलेनोसिस्टीन वाहणारा खास टीआरएनए प्रथिने जोडणाऱ्या रायबोसोमपर्यंत आणवते. घडी असेल तर यूजीएचा अर्थ ‘सेलेनोसिस्टीन बसवा’, नसेल तर ‘थांबा’.

हे अमिनो आम्ल टीआरएनएवर तयारच चढत नाही, तिथे बसून घडते. आधी सेरीन चढते. पीएसटीके हे विकर (एन्झाइम) त्याला फॉस्फेट जोडते. मग सेपसेक्स हे विकर तो फॉस्फेट काढून त्या जागी सेलेनियम बसवते. ते सेलेनियम देणारा सेलेनोफॉस्फेट सेफ्स-२ तयार करते आणि सेफ्स-२ स्वतःच सेलेनोप्रोटीन, म्हणजे सेलेनोसिस्टीन असलेले प्रथिन, आहे. माणसात अशा प्रथिनांची एकूण २५ जनुके आहेत.

खटाटोपाचे कारण रसायनात आहे. सिस्टीनचा गंधकगट साधारण ८.३ पीएचला आयनरूप होतो, सेलेनियमगट ५.२ च्या आसपास. पेशीतल्या सुमारे ७ पीएचला सेलेनियम आधीच आयनरूपात, कामाला सज्ज असते. शिवाय जादा ऑक्सिडीकरण झाले तर गंधक अशा रूपात जाऊन अडकते की तिथून परतणे जवळपास अशक्य, सेलेनियम मात्र परत येते. २०१८ साली उंदरांच्या पेशींत जीपीएक्स-४ या सेलेनोप्रोटीनमधले सेलेनियम काढून गंधक बसवले. पेशी जगल्या, पण पेरॉक्साईडचा मारा झाला की टिकेनात.

प्रश्न : ही प्रथिने तर पेशीचे रक्षण करतात. मग कर्करोगाच्या फैलावाशी त्यांचा संबंध कसा? गाठ वाढण्यापेक्षा फैलावातच त्यांची जास्त चर्चा का होते?

पेशी कुणाची आहे हे प्रथिन विचारत नाही, एवढाच संबंध आहे. पण चर्चा फैलावाची का, हे समजण्यासाठी गाठीतून सुटलेल्या एका पेशीकडे पाहावे लागेल.

गाठीत ती शेजाऱ्यांना चिकटून असते. तिथे प्राणवायू कमी असतो आणि शेजारच्या पेशींनी सोडलेले मेदपदार्थ भोवती असतात. रक्तात उतरली की ती एकटी पडते, प्राणवायू एकदम वाढतो आणि लोहाशी संबंध येतो. तिच्या पटलात अनेक दुहेरी बंध असलेली मेदाम्ले असतात. दोन दुहेरी बंधांच्या मधला हायड्रोजन सैल असतो. लोहाच्या संगतीने तो निघाला की साखळी सुरू होते. एक मेदाम्ल पेरॉक्साईड होते, ते शेजारच्याला ओढते, तो पुढच्याला. शेवटी पटल फाटते. या मृत्यूला २०१२ साली फेरोप्टोसिस हे नाव मिळाले. त्याचा मुख्य ब्रेक म्हणजे जीपीएक्स-४ हे सेलेनोप्रोटीन. ते ग्लुटाथायोन या पेशीतल्या अँटिऑक्सिडंटचे दोन रेणू खर्चून मेदाचे पेरॉक्साईड निरुपद्रवी अल्कोहोलमध्ये बदलते. पटलात शिरून असे करणारे विकर पेशीपाशी जवळपास तेवढे एकच आहे.

रक्तात उतरलेल्या पेशींपैकी दुसरीकडे जाऊन गाठ धरणाऱ्या सहसा ०.०१ टक्क्यांहूनही कमी असतात. बाकीच्यांपैकी बऱ्याच या ऑक्सिडीकरणानेच मरतात. २०१५ साली माणसाच्या मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या पेशी उंदरांत सोडून हे दाखवले गेले. रक्तातल्या पेशींवर ऑक्सिडीकरणाचा ताण त्वचेखालच्या गाठीपेक्षा बराच जास्त होता आणि अँटिऑक्सिडंट दिल्यावर दूरचा फैलाव वाढला. ‘अँटिऑक्सिडंट म्हणजे कर्करोगावरचे औषध’ ही समजूत निदान फैलावाच्या टप्प्यात तरी उलटी पडते.

मेलानोमा आधी लसिकाग्रंथींत का जातो याचे उत्तर २०२० साली मिळाले. लसिकेत ओलेइक आम्ल जास्त, ग्लुटाथायोन जास्त आणि मोकळे लोह कमी असते. ओलेइक आम्लात दुहेरी बंध एकच असल्यामुळे ते पटलात बसले की साखळी पुढे सरकत नाही. लसिकेतून गेलेल्या पेशी नंतर रक्तात उतरल्या तरी जास्त टिकतात.

स्तनाच्या ‘ट्रिपल निगेटिव्ह’ (तिन्ही नेहमीचे ग्राही, म्हणजे रिसेप्टर, नसलेल्या) कर्करोगातही असेच काही घडते, हे २०२४ सालच्या अभ्यासातून दिसले. या पेशी दाटीने असताना एकच दुहेरी बंध असलेले मेद बाहेर सोडतात आणि सगळी वस्ती सांभाळतात. असे मेद घडवणारे एससीडी हे विकर विरळ, एकट्या पेशीत कमी असते, म्हणून ती फेरोप्टोसिसच्या उंबरठ्यावर असते आणि तिचा सगळा भार सेलेनोप्रोटीनवर पडतो. सेलेनोसिस्टीनचा टीआरएनए तयार होणे बंद पाडले, तेव्हा रक्तातल्या पेशींची फुप्फुसात मूळ धरण्याची क्षमता घटली. गाठीत सेलेनियमशिवाय कसेबसे भागते, वाटेत भागत नाही. आमच्या मते या विषयातला सर्वांत महत्त्वाचा धागा हाच आहे.

प्रश्न : म्हणजे सगळीच सेलेनोप्रोटीने फैलाव वाढवतात?

नाही, आणि असे सरसकट म्हणणे टाळावे. उंदराच्या फुप्फुसाच्या कर्करोगपेशींत थायोरेडॉक्सिन रिडक्टेज-१ हे सेलेनोप्रोटीन कमी केले तेव्हा त्यांची गाठ धरण्याची क्षमता आणि फैलाव घटला. उंदराच्या आतड्याच्या कर्करोगपेशींत सेलेनोएफ कमी केले तेव्हाही फुप्फुसातल्या गाठी घटल्या. उलट जीपीएक्स-३ प्रोस्टेटच्या कर्करोगात वारंवार गमावलेले किंवा मिथिलीकरणाने बंद केलेले आढळते आणि ते परत दिले तर वाढ व फैलाव मंदावतो. तेच जीपीएक्स-३ अंडाशयाच्या कर्करोगात मात्र पेशींच्या उपयोगी पडते. यकृतातून रक्तात येणारे सेलेनोपी वेगळ्याच कामाचे. माणसाच्या सेलेनोपीच्या एका रेणूत सेलेनियमच्या दहा जागा असतात, म्हणजे ते चालते-फिरते कोठारच. एमवायसीएन जनुक वाढलेल्या न्यूरोब्लास्टोमाच्या पेशी एलआरपी-८ या ग्राहीवाटे तेच ओढून घेतात आणि ग्राही बंद केला की फेरोप्टोसिसने मरतात.

आणखी एक सावधगिरी. अनेक लेखांत गाठीतल्या आरएनएच्या आकड्यांवरून ‘सेलेनोप्रोटीन वाढले’ असे लिहिलेले असते. सेलेनियम कमी पडले की रायबोसोम यूजीएपाशी थांबतो. मग जीपीएक्स-१ सारख्या काहींचा आरएनए नष्ट होतो, तर जीपीएक्स-४ चा बराचसा टिकतो. आरएनए आहे म्हणून पूर्ण, काम करणारे प्रथिन आहेच असे नाही. वेस्टर्न ब्लॉट (प्रथिन प्रत्यक्ष पाहण्याची चाचणी) किंवा विकराची क्रियाशीलता पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेत आरएसएल-३ या जीपीएक्स-४ रोखणाऱ्या औषधाचे निकाल दर महिन्याला बदलतात. त्याच पेशी, तीच मात्रा. कधी सगळ्या मरतात, कधी काहीच होत नाही. चूक कुठे?

बहुधा औषधात नाही, माध्यमात आणि दाटीत आहे.

आधी सेलेनियमचा हिशेब करा. माणसाच्या रक्तद्रवात लिटरला साधारण ८० ते १२० मायक्रोग्रॅम सेलेनियम असते, म्हणजे १ ते १.५ मायक्रोमोलर. साध्या माध्यमात १० टक्के सीरम घातले तर त्याच्या फार खाली, सहसा दोन आकडी नॅनोमोलरमध्येच राहता. तेही सीरमच्या प्रत्येक लॉटमध्ये वेगळे. इन्सुलिन-ट्रान्सफेरिन-सेलेनियमचे तयार मिश्रण घातल्यास सोडियम सेलेनाईट मिलिलिटरला ५ नॅनोग्रॅम, म्हणजे सुमारे २९ नॅनोमोलर पडते. एका महिन्यात मिश्रण होते आणि दुसऱ्या महिन्यात नव्हते, एवढ्यानेही जीपीएक्स-४ ची पातळी हलते.

उपाय असा. सोडियम सेलेनाईट १७.३ मिलिग्रॅम, १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवा. हे झाले १ मिलिमोलर. ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून लहान भागांत गोठवा. आधी १०० पट पातळ करा, मग माध्यमात मिलिलिटरला ५ मायक्रोलिटर घाला, ५० नॅनोमोलर मिळतील. प्रयोगाच्या ४८ ते ७२ तास आधी घाला, कारण प्रथिन तयार व्हायला वेळ लागतो. औषधासोबतच सेलेनियम घालून ‘फरक पडला नाही’ असे लिहिणारे बरेच भेटतात. मात्रा चुकून काही मायक्रोमोलरवर गेली तर सेलेनाईट थायोल या गंधकयुक्त गटांशी भिडून सुपरऑक्साईड तयार करते आणि पेशी वेगळ्याच कारणाने मरतात. वजन करताना हातमोजे आणि मास्क घाला, हे मीठ विषारी आहे.

मग दाटी. सहा खणांच्या प्लेटमध्ये खणाला ५०० पेशी आणि ३ लाख पेशी हे दोन वेगळे प्रयोग समजा. दाट प्लेटमधले माध्यम ४८ तासांनी काढा, ३०० जी वर फिरवा, गाळा, ताज्या माध्यमात निम्मे-निम्मे मिसळा आणि विरळ पेशींवर घाला. त्या वाचल्या तर संरक्षण माध्यमातून येत आहे. पूर्ण जुने माध्यम घालू नका, त्यातले पोषण संपलेले असते आणि वाढ खुंटली की मृत्यूचे आकडे फसवतात. औषध देताना माध्यम बदलता की नाही हेही ठरवून टाका. ताजे माध्यम घातले की पेशींनी सोडलेले मेद वाहून जाते.

बी-२७ हे माध्यमात घालायचे तयार मिश्रण वापरत असाल तर त्यात सेलेनियम तर आहेच, शिवाय जीवनसत्त्व ई आहे. त्या माध्यमात फेरोप्टोसिस दिसला नाही तर नवल नाही.

नियंत्रणे : एका खणात फेरोप्टोसिस रोखणारे फेरोस्टॅटिन-१, साधारण १ ते २ मायक्रोमोलर. ते घातल्यावर पेशी वाचल्या नाहीत तर तो फेरोप्टोसिस नाही. दुसऱ्यात कॅस्पेज-रोधक झेड-व्हॅड, म्हणजे अपॉप्टोसिस हा पेशीमृत्यूचा दुसरा प्रकार वेगळा काढता येईल. आणि आरएसएल-३ वर एकट्यावर विसंबू नका. ते थायोरेडॉक्सिन रिडक्टेज-१ लाही धरते हे २०२३ साली दाखवले गेले. सोबत जीपीएक्स-४ रोखणारे दुसरे औषध, एमएल-२१०, चालवा.

सूक्ष्मदर्शकातून पाहिलेत तर ओळख पटते. पेशी आधी गोल होते, कडेला एक पारदर्शक फुगा येतो, तो मोठा होत जातो आणि मग आतला सगळा रंग एकदम फिका पडतो. अपॉप्टोसिससारखे तुकडे पडत नाहीत. मेलेल्या भागाला लागून असलेल्या पेशी पुढे मरतात, लाट सरकावी तशा. सी-११ बोडिपी रंग घातला असेल तर त्याचा प्रकाश ५९० नॅनोमीटरच्या लालकडून ५१० च्या हिरव्याकडे सरकतो. हे मृत्यूच्या आधी, पहिल्या काही तासांत मोजा. दुसऱ्या दिवशी मोजले तर मेलेल्या पेशीच रंगलेल्या दिसतात.

प्रश्न : जीपीएक्स-४ वाढवण्यासाठी प्लास्मिड, म्हणजे जनुक वाहणारे डीएनएचे वर्तुळ, टाकला. पुढच्या टोकाला लावलेली खूण दिसते, पण प्रथिन लहान आहे आणि काम करत नाही.

प्लास्मिडमध्ये फक्त प्रथिनाचा मजकूर घेतला असणार, शेपटीतली सेसिस घडी राहून गेली. मग ४६ व्या जागी रायबोसोम थांबतो आणि पुढच्या टोकाची खूण असलेला तुकडा तेवढा मिळतो. शेपटीसह पूर्ण क्रम घ्या, खूण मागच्या टोकाला लावा म्हणजे अपुरे प्रथिन दिसणारच नाही, आणि पेशींना सेलेनियम द्या. सेलेनोसिस्टीनच्या जागी सिस्टीन बसवलेले रूप सहज बनते, पण ते मूळ विकरापेक्षा बरेच मंद असते. त्यावरून ‘जीपीएक्स-४ वाचवत नाही’ असे म्हणू नका. जिवाणूंत बनवायचे असेल तर माणसाची सेसिस तिथे चालत नाही. जिवाणूंची घडी यूजीएच्या लगेच पुढे, मजकुरातच असते.

प्रश्न : वडिलांचे रक्तातले सेलेनियम एका तपासणीत खूप वाढलेले आले, पंधरा दिवसांनी दुसऱ्या तपासणीत कमी. कोणती खरी?

पहिल्या तपासणीच्या आधी गॅडोलिनियमचे इंजेक्शन देऊन एमआरआय झाला होता का, ते पाहा. सेलेनियम बहुधा आयसीपी-एमएस यंत्राने, ७८ वस्तुमानावर मोजतात. गॅडोलिनियमच्या १५६ वस्तुमानाच्या अणूवर दोन प्रभार चढले की यंत्राला तोही ७८ दिसतो. सेलेनियम वाढलेले येते, प्रत्यक्षात वाढलेले नसते. एमआरआयनंतर निदान चार दिवस थांबून रक्त द्यावे, आणि मूत्रपिंड मंद असेल तर त्याहूनही जास्त.

कमी आलेला आकडाही तसाच वाचू नका. शरीरात दाह असला की यकृत सेलेनोपी कमी बनवते आणि रक्तातले सेलेनियम खाली येते. शस्त्रक्रिया, जंतुसंसर्ग किंवा वाढती गाठ यांपैकी काही असेल तर सीआरपी हे दाह दाखवणारे रक्तातले प्रथिन सोबत तपासावे. सीआरपी चढलेले असताना सेलेनियम कमी आले, तर ती कमतरताच आहे असे म्हणता येत नाही.

प्रश्न : मग सेलेनियमच बंद केले तर फैलाव थांबेल? अशी औषधे आहेत का?

आहारातून सेलेनियम तोडू नका. कमतरतेत शरीर मेंदूचे सेलेनियम राखून ठेवते आणि जीपीएक्स-४ शेवटपर्यंत सांभाळते. आधी उपाशी राहतात यकृत, हृदय, स्नायू. म्हणजे ज्याला मारायचे त्याच्या आधी निरोगी पेशी जातात. प्रौढ उंदरांत जीपीएक्स-४ चे जनुक बंद केले तर ते साधारण दोन आठवड्यांत मूत्रपिंड निकामी होऊन मरतात.

औषधांत ऑरानोफिन हे सोन्याचे संयुग थायोरेडॉक्सिन रिडक्टेजला रोखते. ते १९८५ सालापासून संधिवातासाठी मंजूर आहे, कर्करोगासाठी नाही. आरएसएल-३ सारखे रेणू शरीरात टिकत नाहीत आणि नको तिथे चिकटतात, त्यामुळे ते प्रयोगशाळेतच राहिले आहेत. पीएसटीके किंवा सेफ्स-२ यांना रोखण्याची कल्पना जास्त आशादायक वाटते. सेफ्स-२ बंद पडले तर सेलेनाईड हा विषारी मधला पदार्थ साचतो, आणि सेलेनियम हावरटपणे ओढणाऱ्या स्तनाच्या कर्करोगपेशींना तेच भोवते, हे २०२० साली दिसले. अडचण अशी की जीपीएक्स-४ गेल्यावर पेशीपाशी एफएसपी-१ हा दुसरा ब्रेक उरतो. तो सेलेनियमवर चालत नाही, कोएन्झाइम क्यू-१० वर चालतो. लसिकाग्रंथीत शिरलेल्या मेलानोमाच्या पेशी तर त्याच्यावरच जास्त टेकतात, म्हणून तिथे नुसते सेलेनोप्रोटीन रोखून भागत नाही.